मूळ संच

सोमवारी पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी दाराची बेल वाजली. आमच्या सोसायटीत इतक्या पहाटे बेल वाजायची कारणं दोनच. कोणीतरी अमेरिकेहून आलेलं असतं, नाहीतर कोणीतरी गेलेलं असतं. अमेरिकेहून येणारी भाची चार दिवसांपूर्वीच येऊन आत झोपलेली होती. त्यामुळे मी दुसऱ्या कारणाची तयारी करून, चेहरा तसा ठेवून दार उघडलं. दारात नाना. अंगात कडक इस्त्रीचा झब्बा, मनगटाला अत्तर, काखेत छोटी उशी.

"सुरू नाही ना झालं?"

"नाना, साडेपाचला आहे ते."

"मुख्य साडेपाचला. आधी चार-दहाला काहीतरी आहे असं चिमी म्हणाली होती. आजवर नांदी चुकवून मी नाटकाला बसलेलो नाही."

एवढं बोलून ते आत आले आणि सोफ्याच्या बरोबर मध्यावर उशी ठेवून बसले. थिएटरात त्यांना तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची लागते. आमच्या हॉलमध्ये रांग एकच असल्यामुळे त्यांनी सोफा स्वतःच भिंतीपर्यंत मागे सरकवून घेतला.

या सगळ्याला जबाबदार मीच. चिमी न्यूजर्सीला नोकरी करते आणि पगार ब्रॉडवेवर उधळते. सुट्टीवर येताना तिने आपल्या दिवसांचा हिशेब नीट केला नव्हता, आणि टोनी पुरस्कारांचा सोहळा नेमका तिच्या पुण्याच्या मुक्कामात आला. ८ जून २०२५, रविवार, न्यूयॉर्कमधला रेडिओ सिटी म्युझिक हॉल, रात्री आठ. म्हणजे आपल्याकडे सोमवार, पहाटे साडेपाच. तिने हे मला दुःखाने सांगितलं. मी ते टेकडीवर फिरायला जाताना नानांना सांगितलं, केवळ बोलायला विषय म्हणून. नाना जागच्या जागी थांबले.

"संगीत नाटकांना बक्षिसं? टीव्हीवर? आणि थेट?"

"हो."

"म्हणजे निकाल आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही?"

त्यांची उत्सुकता समजण्यासारखी होती. मराठी वाहिन्यांवरचे पुरस्कार सोहळे आम्ही गेली कित्येक वर्षं एकत्र बसून बघतो आणि एकत्र बसून नावं ठेवतो. ते सोहळे झालेले असतात कधीच, दिसतात नंतर. मधल्या काळात कोणाला काय मिळालं, कोण रुसलं आणि कोण जेवण न करता निघून गेलं हे आम्हाला पाठ झालेलं असतं. तरी आम्ही बसतो, कारण नाटक विभाग. चार तास सिनेमावाले नाचतात, दोन निवेदक एकमेकांच्या वजनावर विनोद करतात, आणि मग दोन जाहिरातींच्या फटीत एक नाटकवाला ट्रॉफी घेऊन पायऱ्या उतरताना पाठमोरा दिसतो. तोच नाटक विभाग. एका वर्षी नाना पाणी प्यायला उठले. घोट गिळून परत येईपर्यंत नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत आणि सर्वोत्कृष्ट नाटक सगळं संपलं होतं. तेव्हापासून ते पाणी सोबत घेऊन बसतात.

सोहळा आमच्या टीव्हीवर दिसण्याची सोय नव्हती. पण चिमीचा एक मित्र एडिसनला राहतो. मूळचा नागपूरचा, नाटकाशी त्याचा संबंध शाळेच्या स्नेहसंमेलनात झाड झाला होता तेवढाच. त्याने आपला फोन आपल्या टीव्हीसमोर उभा करायचा, व्हिडिओ कॉल लावायचा आणि आम्ही तो इथे बघायचा असं ठरलं. इकडे चिमीचा फोन पोह्याच्या डब्याला टेकवून उभा केला. सहा इंचाच्या रंगमंचासमोर आम्ही रसिक गोळा झालो.

चार-दहाला जे सुरू झालं तो मुख्य सोहळ्याआधीचा भाग होता, वेगळ्या वाहिनीवर. त्यात बहुतेक नेपथ्य, वेशभूषा, ध्वनी वगैरेंची बक्षिसं उरकून घेतात.

"म्हणजे तिथेसुद्धा?" नाना म्हणाले.

"काय?"

"पडद्यामागच्यांची पंगत आधी उरकून घ्यायची, म्हणजे पाहुणे आले की मोकळं." पण आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं. इतक्या लांबच्या देशातही नेपथ्यकाराचे हाल होतात हे कळल्यावर त्यांना एकदम घरच्यासारखं वाटू लागलं. त्यांनी थर्मास उघडला.

साडेपाचला बापू आले. पायांत फिरायचे बूट, कारण घरी फिरायला जातो म्हणून सांगितलं होतं. त्याच कारणाने चष्मा आणला नव्हता. चष्मा घेऊन टेकडीवर गेलं की संशय येतो. बापूंचं नाट्यप्रेम स्वतंत्र प्रकारचं आहे. ते नाटक बघत नाहीत. रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण वाचतात आणि त्याच्याशी असहमत होतात. त्यासाठी नाटक बघण्याची गरज नसते, उलट अडथळाच होतो, असं त्यांचं मत आहे.

आमच्या आवाजाने सौ. उठून बाहेर आली. तिने एकदा फोनकडे बघितलं, एकदा भिंतीला गेलेल्या सोफ्याकडे, एकदा माझ्याकडे.

"उद्या वटपौर्णिमा आहे," ती म्हणाली. "मी अजून काही ठरवलेलं नाही."

आणि चहा टाकायला गेली.

सोहळा सुरू झाला. सूत्रसंचालन सिंथिया एरिव्हो नावाच्या गायिकेकडे होतं. ती अशी काही गायली की पोह्याचा डबा थरथरला. नाना सवयीने ओरडले, "वन्स मोअर!"

"नानाआजोबा, तिकडे वन्स मोअर नसतो," चिमी म्हणाली.

"नसतो म्हणजे? गाणं आवडलं तर काय करतात?"

"टाळ्या वाजवतात. फारच आवडलं तर उभे राहून वाजवतात."

"आणि मग?"

"मग नाटक पुढे जातं."

"तिकीट केवढ्याचं म्हणालीस?"

"शंभर डॉलरच्या पुढे सहज जातं."

नानांनी मनातल्या मनात गुणाकार केला. तो चेहऱ्यावर दिसला. "एवढे पैसे घेऊन गाणं एकदाच?" ते म्हणाले. त्यांच्या मते १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं तेव्हाच हा व्यवहार ठरून गेलेला आहे. पदं दोनशेच्या आसपास, रात्र अख्खी, आणि आवडलेलं पद हवं तितक्यांदा. उजाडेल तेव्हा उजाडेल. दुष्यंताला शकुंतलेची ओळख पटायला उशीर झाला तर त्यात शापाचा वाटा किती आणि वन्स मोअरचा किती, हा संशोधनाचा विषय आहे.

तेवढ्यात पडद्यावर अंधार झाला. काळाभोर, मखमली, किंचित हलणारा अंधार. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. आतून गाणं ऐकू येत होतं.

"वा!" बापू म्हणाले. "याला म्हणतात प्रकाशयोजना. आपल्याकडे सगळे दिवे लावून ठेवतात. अंधाराची हिंमत लागते."

"बापूआजोबा, ती मांजर आहे."

एडिसनच्या मित्राची मांजर फोनसमोर पाठ करून बसली होती. तिला बाजूला करायला मित्र जागेवर नव्हता, तो रात्रीची भांडी घासत होता. चिमीने हाका मारल्या, नानांनी इकडून "शुक् शुक्" केलं. सात समुद्र ओलांडून गेलेल्या त्या शुकशुकाटाने मांजरीने एकदा कान हलवला, एवढंच. पुढची दहा मिनिटं आम्ही ब्रॉडवेचं सर्वोत्तम नृत्य मांजरीच्या दोन कानांमधल्या जागेतून पाहिलं. बापूंनी मात्र आपलं मत बदललं नाही. चुकीच्या कारणासाठी दिलेली दाद परत घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

मध्यंतरात, म्हणजे जाहिरातीत, नानांनी चिमीला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाच्या स्पर्धेतली पाच नाटकं कोणती ते विचारलं. ती उत्साहाने सांगायला लागली.

"एक आहे 'डेथ बिकम्स हर'. दोन बायका तारुण्याचं औषध पितात. मग त्यांची मान मोडते, पोटाला भोक पडतं, पण मरता येत नाही."

"बरं."

"दुसरं 'ऑपरेशन मिन्समीट'. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ब्रिटिश लोक एका प्रेताबरोबर खोटी कागदपत्रं ठेवून ते स्पेनच्या किनाऱ्याजवळ सोडून देतात. जर्मन फसतात."

"प्रेत?"

"हो. आणि तिसरं 'डेड आउटलॉ'. हे पण खरं घडलेलं. एल्मर मॅकर्डी नावाचा दरोडेखोर १९११ साली पोलिसांच्या गोळीने मेला. त्याचं प्रेत मसाला भरून ठेवलं, मग ते जत्रेजत्रेतून दाखवत फिरवलं. शेवटी १९७६ साली एका मनोरंजन उद्यानात टीव्हीचं चित्रीकरण चाललं होतं, तेव्हा कळलं की तिथे टांगलेला रंगवलेला पुतळा म्हणजे खरा माणूस आहे."

"आणि यात पदं आहेत?"

"भरपूर."

"पाचांत तीन मयतं," बापू म्हणाले. "हा सोहळा आहे की पितृपंधरवडा?"

नाना मात्र दुसऱ्याच आकड्यात अडकले होते. "१९११?" ते म्हणाले. "१९११ साली आमचं 'मानापमान' आलं!" आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू खाडिलकरांनी मुंबईत पडदा उघडला आणि त्याच्या धसक्याने अमेरिकेत एक दरोडेखोर पडला. "पण मेलेला माणूस नुसता टांगलेला असतो म्हणालीस ना? त्यात काय अभिनय? आमच्या 'एकच प्याला'त सिंधू शेवटच्या घटका मोजत असते. सिंधू म्हणजे कोण? बालगंधर्व! लोक हुंदके देत देत वन्स मोअर मागायचे."

"मरणाऱ्या बाईला?" चिमीने विचारलं.

"गाणाऱ्या बाईला," नाना म्हणाले.

इथून पुढे तुलनेला ऊत आला. सारा स्नूक या अभिनेत्रीने 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'त एकटीने सव्वीस भूमिका केल्या आणि तिला बक्षीस मिळालं, असं चिमीने सांगितल्याबरोबर नाना म्हणाले, "आमच्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त बावन्न केल्या. बरोब्बर दुप्पट." 'फँटम ऑफ द ऑपेरा' २०२३ साली बंद पडलं तेव्हा त्याचे ब्रॉडवेवर १३,९८१ प्रयोग झाले होते, असं ती म्हणाली तर बापू म्हणाले, "ते अख्ख्या नाटकाचे. आमच्या प्रशांत दामल्यांनी २०२२ सालीच एकट्याने साडेबारा हजार केले. नट किती बदलले तुमच्या त्या फँटममध्ये?" बिचारी म्हणाली, बरेच. "झालं तर," बापू म्हणाले आणि सामना खिशात घातला. 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये नायक गात गात थिएटरच्या बाहेर पडतो, भर रस्त्यातून चालत परत येतो आणि आतल्या प्रेक्षकांना ते पडद्यावर दिसतं, हे ऐकून तर नाना हसायलाच लागले. नट प्रयोग चालू असताना रस्त्यावर जातो यात त्यांना नवल वाटेना. त्यांच्या हौशी नाट्यसंस्थेत हे नेहमी व्हायचं. परत येणं हे त्यांना नवीन होतं.

आवाज चढत चालला होता. सौ. आतून म्हणाली, "जरा हळू. समोर तात्या आहेत."

तात्यांचा विषय इथे सांगावाच लागेल.

समोरच्या फ्लॅटमधले तात्या आणि मी गेली दहा वर्षं बोलत नाही. पार्किंग नाही, पाण्याची गळती नाही, कारण सांस्कृतिक आहे. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली'चा सिनेमा आला. तो बघून आल्यावर जिन्यात तात्या म्हणाले, "खरं सांगू का? नाटकापेक्षा सिनेमाच बरा आहे."

मी एक पायरी वर होतो. तिथूनच म्हणालो, "ज्याने वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब समोर बसून ऐकलेत, तो माणूस असं बोलणार नाही."

"तुम्ही ऐकलेत?"

"अर्थात."

"मग सांगा, कितव्या पदाला वन्स मोअर आला होता?"

मी म्हणालो, तिसऱ्या. तात्या म्हणाले, "आणि पहिल्या दोनांना नाही आला? वसंतरावांना?" आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये आम्ही दोघं आकडे बघतो. चार मजल्यांची लिफ्ट आहे, पण आकडे फार सावकाश बदलतात.

आता खरं सांगतो, कारण नाना हे वाचणार नाहीत, ते फक्त जाहिराती वाचतात. 'कट्यार' १९६७ साली आलं. वडिलांनी मला ते दाखवलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. रात्रीचा प्रयोग होता. नांदी झाली तेव्हा मी जागा होतो की नाही, याबद्दलसुद्धा घरात मतभेद होते. जाग आली ती वडिलांच्या खांद्यावर, थिएटरबाहेर, वड्याच्या वासाने. तेव्हा मी वसंतरावांची 'कट्यार' पाहिली हे विधान खोटं नाही. तिकीट होतं, खुर्ची होती, मी होतो. डोळ्यांचा तपशील मी गेल्या अर्ध्या शतकात कोणाला दिलेला नाही. सौ.ला आमच्या आईने सांगून ठेवलं आहे, आणि विषय निघाला की ती स्वयंपाकघरात भांडं वाजवते.

यात मी एकटा नाही, एवढाच दिलासा. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये एकत्र उभे राहिले, ते 'संयुक्त मानापमान'. नानांचे आजोबा त्या प्रयोगाला होते. बापूंचे आजोबाही होते. आमचे तर होतेच. पुण्यातल्या ज्या-ज्या घरांतले आजोबा त्या प्रयोगाला होते, त्या सगळ्यांना उभं केलं तर रांग ग्रँट रोडहून निघून कल्याणला वळसा घालील. थिएटर त्या मानाने लहान असावं.

"सेम!" चिमी ओरडली. मी हे अर्थात आजोबांपुरतंच बोललो होतो. "आमच्याकडे 'हॅमिल्टन'चं असंच आहे. २०१५ साली आलं. ऑफिसमध्ये ज्याला विचारावं तो म्हणतो, मी ओरिजिनल कास्ट पाहिलीय. थिएटर साधारण तेराशे खुर्च्यांचं. आठवड्याला आठ प्रयोग. लिन-मॅन्युएल मिरांडा वर्षभरात बाहेर पडला. म्हणजे फार तर पाच-साडेपाच लाख लोक. मला स्वतःलाच तेवढे भेटलेत."

"ओरिजिनल कास्ट म्हणजे?" बापू.

"पहिल्यांदा ज्यांनी कामं केली ते सगळे."

"मूळ संच!" नाना एकदम उठून बसले. "मूळ संचात! अगं, हे आधी नाही का सांगायचं!"

'मूळ संचात' हे दोन शब्द नाटकाच्या जाहिरातीत दिसले की नाना जेवता जेवता उठतात. नाटक कोणतं हे नंतर बघतात.

"मग तू पाहिलास का त्यांचा मूळ संच?"

चिमी जरा थांबली. "मी २०१९ला गेले ना. मी टीव्हीवर पाहिला, चित्रित केलेला." मग हळू आवाजात म्हणाली, "ऑफिसमध्ये मात्र नुसतं 'पाहिला' म्हणते."

आत भांडं वाजलं. भाची कोणाची, हे सिद्ध झालं.

आणि योग असा की त्याच रात्री 'हॅमिल्टन'ला दहा वर्षं झाली म्हणून तो मूळ संच पुन्हा एकत्र येऊन गायला. मांजर तोपर्यंत उठली होती. काळ्या कपड्यांतली ती माणसं एकामागून एक पुढे आली, तिकडचं थिएटर उभं राहिलं, आणि इकडे नाना उभे राहिले. शब्द एक कळत नव्हता. रॅपचा वेग असा की बापूंना वाटलं, कॉल अडकून पुढे पळतोय.

"हे गात नाहीयेत, भांडतायत," बापू म्हणाले.

"भांडणाला चाल लावलीय," नाना म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "पण कोण हा हॅमिल्टन?"

"अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री."

नाना खाली बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. "अर्थमंत्र्यावर संगीत नाटक," ते शेवटी म्हणाले. "आणि अकरा टोनी! आपल्या चिंतामणराव देशमुखांवर कोणी दोन ओळी तरी रचल्या का? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री, मग १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. काय रंगेल राजीनाम्याचा प्रवेश! 'संगीत चिंतामणी'. दुसऱ्या अंकात अर्थसंकल्प, भैरवीत."

"भैरवी शेवटी असते," बापू म्हणाले.

"अर्थसंकल्प मांडल्यावर राहतंय काय मग?"

साडेसातच्या सुमारास चिमीने फोनकडे बघून "अरे देवा" म्हटलं. पहाटेपासून फोन ज्या पॉवर बँकेवर चालला होता, ती संपली होती. चार्जर नाशिकला आत्याकडे राहिला होता. आमच्या घरात चार्जर सात, पण सगळ्यांची तोंडं नवी, आणि चिमीच्या फोनचं तोंड जुन्या पद्धतीचं. मी प्रत्येक चार्जर दोन्ही बाजूंनी घालून बघितला. बसत नाही हे कळत असतानाही माणूस तिसऱ्यांदा घालून बघतोच.

"पुरेल," चिमी म्हणाली. "पडद्याचा उजेड कमी करते."

बापूंनी पुन्हा प्रकाशयोजनेचं कौतुक केलं.

त्या अंधुक उजेडात नानांनी राहिलेल्या दोन नाटकांबद्दल विचारलं. एक क्युबातल्या म्हाताऱ्या गवयांचं होतं, 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'. ते नानांनी न पाहताच पास केलं. म्हातारे आणि गवई म्हटल्यावर पुढे काय विचारायचं. उरलेलं एक चिमीने खरोखर, जागेपणी, थिएटरात बसून पाहिलं होतं. त्याची तिकिटं लॉटरीने मिळतात का म्हणून तिने महिनाभर रोज नाव घातलं, रोज हरली, शेवटी एका सकाळी रांगेत उभं राहून शेवटच्या रांगेतली खुर्ची मिळवली.

"'मेबी हॅपी एंडिंग'. सोल शहरातली गोष्ट. दोन यंत्रमानव असतात, घरकामाचे. जुने झालेले. त्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत. मालकांना नको झालेत, म्हणून त्यांना एका इमारतीत ठेवलंय, प्रत्येकाला एक खोली. तो दिवसभर रेकॉर्ड लावून जॅझ ऐकतो, एका कुंडीतल्या झाडाशी बोलतो आणि मालक कधीतरी न्यायला येईल म्हणून वाट बघतो. ती समोरच्या खोलीत राहते. एक दिवस तिचा चार्जर बिघडतो, म्हणून ती त्याचं दार वाजवते."

"आणि?"

"तो आधी कां-कूं करतो. मग देतो."

कोणी काही बोललं नाही. बापूंचा मुलगा टोरांटोला असतो. नानांची मुलगी सिंगापूरला. नानांच्या गुडघ्याचा सुटा भाग मागच्या वर्षीच बदलला आहे. आमच्या गॅलरीत कुंड्या सात आहेत, आणि मी त्यांच्याशी बोलत नाही असं मी म्हणेन, पण सौ. आतून ऐकत होती.

"हे जिंकलं पाहिजे," नाना म्हणाले. आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी त्याची कशाशी तुलना केली नाही.

आठ वाजून वीस मिनिटांनी शेवटच्या पुरस्काराची घोषणा आली. सर्वोत्कृष्ट संगीत नाटक. पाकीट आलं. सौ. ओल्या हातांनी बाहेर येऊन उभी राहिली. बापूंनी नानांचा चष्मा मागून घेतला, त्यामुळे नानांना दिसेना. पाकीट उघडताना सूत्रधार नेहमी करतात तो खोटा उशीर झाला, आणि त्या उशिरात फोन काळा पडला.

"मांजर!" बापू ओरडले.

मांजर नव्हती. फोन गेला होता.

"माझ्या फोनवरून लाव," मी म्हणालो.

"त्याचा नंबर माझ्या फोनात आहे, मामा."

नानांचा फोन बटणांचा. बापूंनी फोन घरी ठेवला होता, कारण टेकडीवर रेंज नसते असं त्यांनी घरी सांगून ठेवलं आहे. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तात्यांच्या मुलाने त्यांना असलाच फोन पाठवलाय," सौ. म्हणाली. "जुना. स्वतःचा वापरून झालेला."

"मी जाते," चिमी म्हणाली.

"तो जाईल," सौ. म्हणाली.

आमच्या दारापासून तात्यांचं दार चार पावलांवर आहे. पहिल्या पावलाला मी ठरवलं की फक्त सौ.चं नाव सांगायचं. दुसऱ्याला ठरवलं की वसंतरावांचा विषय निघाला तर फोन आल्याचं निमित्त करायचं. तिसऱ्याला लक्षात आलं की फोन घरी आहे. बेल वाजवली. आत चपलांचा आवाज झाला, दारापर्यंत आला आणि थांबला. ते भोकातून बघत होते. मी भोकाकडे बघून चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न केला.

दार उघडलं. साखळी तशीच होती.

"चार्जर आहे का?" मी म्हणालो. दहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कां-कूं केली.

"कोणत्या तोंडाचा?"

"जुन्या."

ते आत गेले आणि चार्जर घेऊन आले, पण हातात दिला नाही. "नऊला मुलाचा फोन येतो," म्हणाले. "मी बरोबर येतो." चार्जरवर विश्वास नव्हता की माझ्यावर, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. दाराला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून बघितलं आणि चार पावलं चालत माझ्याबरोबर आमच्या घरात आले. नाना सरकले. सोफ्याची मधली जागा त्यांनी आजवर कोणासाठी सोडलेली नव्हती.

सौ.ने न विचारता तात्यांसमोर पोह्यांची बशी ठेवली. लिंबू पिळून ठेवलेलं होतं.

फोनला चार्जर लावला. काळ्या पडद्यावर सफरचंद उगवायला दोन मिनिटं लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दोन मिनिटांत नानांनी तात्यांना सगळी गोष्ट सांगितली: दोन जुने यंत्रमानव, समोरासमोरच्या खोल्या, दार वाजवणं. तात्या पोहे खाता खाता थांबले. त्यांनी चार्जरच्या वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे बघितलं.

कॉल लागला. एडिसनच्या मित्राने उचलला. मागे टीव्ही बंद होता आणि तो दात घासत होता.

"अरे, कोणाला मिळालं?" चौघं एकदम.

"ते रोबोटवालं," तो फेसातून म्हणाला. "सहा मिळाले म्हणे एकूण."

नानांनी टाळी वाजवली. बापू म्हणाले की हे त्यांनी मांजरीच्या वेळीच ओळखलं होतं. चिमीने मामीला मिठी मारली. तात्यांनी बशीतले शेवटचे दाणे वेचले, चमचा ठेवला, आणि दहा वर्षांनी पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलले.

"विषय चांगला आहे. पण खरं सांगू का? यावर सिनेमा निघाला ना, तर नाटकापेक्षा बरा होईल."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

मी उठलो, चार्जर प्लगमधून काढला, वायर नीट गुंडाळली आणि त्यांच्या हातात ठेवली. फोन तीन टक्क्यांवर होता.